पुढच्या दातातली खाच

तिला सगळे ‘कवळी’ म्हणत, आणि त्याचा कोवळेपणाशी काडीचाही संबंध नव्हता. दंतवैद्यकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना तिने आयुष्यातली पहिली कवळी बनवली ती सख्ख्या काकांसाठी. पुतणीचं कौतुक म्हणून काका ती लावून सोसायटीच्या सभेला गेले आणि पाण्याच्या प्रश्नावर बोलायला उभे राहिले. ‘पंप’ या शब्दातला पहिला प जरा जोरात गेला. वरचा जबडा सुटला आणि अध्यक्षांच्या चहाच्या कपात जाऊन बसला. अध्यक्षांनी कप खाली ठेवला, काकांनी रुमाल पुढे केला, आणि पंपाचा ठराव एकमताने मंजूर झाला, कारण विरोधकांना हसू आवरून बोलताच येईना. काकूंनी पुतणीशी अबोला धरला. काका मात्र भेटेल त्याला बोळक्या तोंडाने हा किस्सा सांगत सुटले, आणि पोरीला नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिची खरी खोड वेगळीच होती. समोरचा माणूस बोलत असला की ती त्याच्या डोळ्यांत बघायची नाही, तोंडात बघायची. एकदा बसमध्ये कंडक्टर सुट्ट्या पैशांवरून तिच्यावर ओरडला, तर ही शांतपणे म्हणाली, “तुमची अक्कलदाढ आडवी येतेय. म्हणून चिडचिड होते.” कंडक्टर उरलेल्या प्रवासभर आरशात तोंड वासून बघत होता.

ती शेवटच्या वर्षाला असताना विद्यापीठाने एक योजना काढली. वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, दंतवैद्यक, अशा निरनिराळ्या शाखांतली एकेक मुलं निवडायची, एकत्र परदेशात पाठवायची, आणि नशेची इंजेक्शनं घेणाऱ्या माणसांमध्ये जंतुसंसर्ग कसा पसरतो याचा अभ्यास करवून घ्यायचा. दंतवैद्यकीतून कुणीच नाव दिलं नाही. नशेकऱ्याच्या दंडावर गळू आलं तर त्यात दाताचा डॉक्टर काय उपटणार, असं सगळ्यांचं म्हणणं. कवळीने नाव दिलं. मुलाखतीत विचारलं, “तुम्हाला का जायचंय?” तर म्हणाली, “मी अजून विमानात बसले नाहीये.” समिती हसली. दुसरा उमेदवारच नसल्यामुळे हसून झाल्यावर तिची निवडही केली.

घरात मात्र गोंधळ उडाला. आत्याने सगळ्या नातेवाइकांना फोन करून कळवलं की पोरगी परदेशात नशेचं शिक्षण घ्यायला चाललीय.

“अहो वन्सं, नशेचं नाही, जंतूंचं,” आईने सुधारलं. आई घरी शिवणकाम करायची आणि बोलताना मशीन थांबवायची नाही.

“जंतूंसाठी एवढ्या लांब? इथे काय कमी आहेत?” आत्या म्हणाली, आणि तिने दुसरी बातमी पहिलीला जोडून पुन्हा सगळ्यांना फोन केले. निघायच्या दिवशी मामा हळूच तिला बाजूला घेऊन म्हणाला, “ते लोक काहीही देतील. फक्त हुंगायचं नाही, एवढं लक्षात ठेव.”

सोबतचे तिघे विमानतळावरच भेटले. वैद्यकीयचा मुलगा परीक्षा बाकी असूनही सगळ्यांकडून स्वतःला ‘डॉक्टर’ म्हणवून घेत होता. म्हणून तो डॉक्टर. नर्सिंगची मुलगी दर वाक्यानंतर हात धुवायची आणि दुसऱ्यांनाही धुवायला लावायची, ती सिस्टर. फार्मसीचा मुलगा गोलमटोल, आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्याच्या खिशात काहीतरी निघायचंच; तो गोळी. चौघांनाही आपापली शाखा म्हणजे गाडीचं इंजिन आणि बाकीच्यांच्या शाखा म्हणजे डबे वाटत होते. कवळीला तर तिघांनी मिळून डब्याच्याही मागे लावलेलं लाल कापड ठरवलं होतं.

परदेशातल्या त्या शहरात थंडी मरणाची होती. चौघांना काम मिळालं ते एका गल्लीतल्या केंद्रात. तिथे पूर्वी फर्निचरचं दुकान होतं, त्यामुळे समोर मोठमोठ्या काचा, आणि त्यांना माणसाच्या उंचीपर्यंत कागद चिकटवलेला, म्हणजे बाहेरून चेहरे दिसू नयेत. आत दाराशी हात धुवायची बेसिनं, भिंतीला लागून खुर्च्या, कोपऱ्यात चहाचं यंत्र, वापरलेल्या सुया टाकायचा पिवळा डबा, आणि पडद्यामागे जखमा बांधायची खोली. नशा करणाऱ्यांना इथे नव्या सुया, स्पिरिटचे बोळे, मलमपट्टी आणि रक्ताची तपासणी मिळायची. ‘नशा का करतोस’ असं कुणी विचारायचं नाही, हा तिथला पहिला नियम. तिथली भाषा या चौघांना यायची, पण यांचे उच्चार ऐकून तिथली माणसं हसायची.

केंद्र चालवणाऱ्या बाई पिकल्या केसांच्या होत्या आणि गळ्यात किल्ल्यांचा मोठा जुडगा घालायच्या. आल्या आल्या त्यांनी चौघांना उभं करून सांगितलं, “आमच्याकडे लोक एकमेकांची सुई वापरत नाहीत आता. कावीळ कमी झाली, एड्सच्या नव्या केसेस कमी झाल्या. पण या हिवाळ्यात गळवं वाढलीत. हातावर, मांडीवर, कुठेही. का, ते कळत नाही. तुम्ही हुशार मुलं आहात म्हणे. शोधा.”

पहिल्या दुपारीच चौघांनी शोधून टाकलं, आणि चार वेगवेगळी उत्तरं निघाली. डॉक्टर म्हणाला, मालातच जंतू आहेत. गोळी म्हणाला, माल विरघळवायला वापरतात ते आंबट पाणी शिरा जाळतंय. सिस्टर म्हणाली, त्वचा नीट पुसत नाहीत, आणि लगेच खुर्चीवर बसलेल्या प्रत्येकाला बोळ्याने कातडी कशी पुसायची याचा धडा द्यायला लागली. कवळी म्हणाली, “मला काही सुचत नाहीये,” तर तिघांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू हेच अपेक्षित होतं.

केंद्रावर रोज येणारा एक उंच, वाळका माणूस होता. त्याला सगळे मास्तर म्हणत. तो खरंच कधी शिक्षक होता की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण कुणी अशुद्ध बोललं की तो तिथल्या तिथे सुधारायचा, डोळे मिटून पेंगत असला तरी. बोलका माणूस, म्हणून डॉक्टर, सिस्टर आणि गोळी यांनी आळीपाळीने त्याच्या लांबलचक मुलाखती घेतल्या. तिघंही खूश. संध्याकाळी वसतिगृहाच्या जेवणघरात ताटं पुढ्यात घेऊन ते आपापला ऐवज एकमेकांना दाखवायला लागले.

“बिचाऱ्याच्या आईला तापाने नेलं,” डॉक्टर म्हणाला. “हा पाळण्यात होता. तेव्हापासून ह्याला दर हिवाळ्यात ताप येतो.”

“काहीतरीच काय,” सिस्टर म्हणाली. “त्याची आई नर्स होती. तिनेच त्याला स्वच्छता शिकवली. मला सांगताना डोळ्यांत पाणी आलं त्याच्या.”

“थांबा, थांबा,” गोळीने घास तसाच धरून ठेवला. “त्याच्या बापाचं औषधाचं दुकान होतं. आणि आई गल्ल्यावर बसायची. परवापर्यंत!”

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. कवळीला ठसका लागला. पाणी पिऊन झालं तरी तिचं हसू थांबेना. प्रत्येकाला त्याच्या त्याच्या धंद्याला शोभेलसं बालपण मास्तरने बेतून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने त्याला फैलावर घेतलं. मास्तर जराही ओशाळला नाही. “तू विचारलंस, ‘लहानपणापासून ताप येत होता ना?’ आता एवढ्या आशेने विचारल्यावर नाही कसं म्हणणार? मन मोडवत नाही मला कुणाचं.” मग त्याने मान वळवून कवळीकडे पाहिलं. “ही बाई मात्र काहीच विचारत नाही. नुसती तोंडात बघत बसते. तुझं काय आहे गं?”

“दात दुखतो का?” कवळीने विचारलं.

मास्तरचा हात गालाकडे गेला. पहिल्यांदाच बिनाकथेचं उत्तर आलं. “हो. खालचा डावा. झोपू देत नाही.”

“आ करा.”

त्याने आ केला. कवळीने मोबाइलचा दिवा लावला. दाढेचं तर खिंडार झालेलं होतं. पण तिची नजर अडकली ती दुसरीकडेच. पुढच्या वरच्या दाताच्या कडेला एक बारीकशी अर्धगोल खाच होती, कानशीने घासून काढल्यासारखी. ही खाच तिने हजारदा पाहिली होती. तिच्या आईच्या दातात अगदी अशीच होती, कारण आईने जन्मभर कात्री शोधायचा कंटाळा केला आणि दोरा दातांनी तोडला.

“तुम्ही शिवणकाम करता?” तिने विचारलं.

मास्तर इतका हसला की दाढेवर हात दाबून धरावा लागला. “मी? अगं, मला शर्टाचं बटण लावता येत नाही!”

मग ही खाच आली कुठून? कवळीला त्या प्रश्नाने पछाडलं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस जांभई देईल म्हणून ती टपून बसायची. पण त्या केंद्रात तोंड उघडून हसणारं कुणी नव्हतंच. दात किडलेले, पडलेले. सगळे ओठ मिटून हसत, नाहीतर हात आडवा धरत.

त्याच आठवड्यात केंद्रावरची हवा बदलली. लाल मफलरवाली म्हणून एक बाई यायची, बारीक आवाजात सगळ्यांची चौकशी करणारी. तिला अचानक थंडी वाजून ताप भरला आणि इस्पितळात न्यावं लागलं. डॉक्टर आणि कवळी तिला बघायला गेले. हातावरच्या गळवातून जंतू रक्तात उतरले होते आणि हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते. परत येताना डॉक्टर नेहमीसारखं काही समजावून सांगत नव्हता. बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला आणि म्हणाला, “मी हे परीक्षेत लिहिलंय. पूर्ण मार्क मिळाले होते मला.”

कवळीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या सकाळी तिने केंद्राच्या भिंतीवर एक कागद लावला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘सर्वांत खराब दातांची स्पर्धा. सर्वांना खुली. विजेत्याला नवा टूथब्रश.’

बाईंनी किल्ल्या खुळखुळवत कागद वाचला. “हा काय चावटपणा?”

“बाई, हे लोक दात लपवतात. स्पर्धा म्हटल्यावर दाखवतील.”

“आणि कुणाला वाईट वाटलं तर?”

“तर मी माझी दाढ दाखवते. सिमेंट भरलेली आहे. मास्तरांनी आधीच परीक्षक व्हायचं कबूल केलंय.”

बाईंनी कपाळाला हात लावला. पण कागद काढला नाही.

आणि काय सांगावं, दुपारपर्यंत रांग लागली! जी माणसं तपासणीसाठी खुर्चीवरून उठायची नाहीत, ती आपला दात दुसऱ्याच्या दातापेक्षा कसा जास्त किडलाय ते हिरिरीने पटवून देत होती. “याचा नुसता काळा पडलाय, माझा हलतोय!” “हललेला धरायचा नाही, पडलेला धरा!” मास्तर गंभीर चेहऱ्याने गुण देत होता आणि वशिलेबाजीचे आरोप फेटाळत होता. सिस्टर सुरुवातीला नाक मुरडून लांब उभी होती. पण तोंड उघडून बसलेल्या माणसाला बाही वर करायला सांगणं फार सोपं जातं, हे तिच्या लक्षात आलं, आणि तिने त्याच रांगेत जखमा तपासायला सुरुवात केली. मागे गोळी तोंड स्वच्छ करायचं औषध वाटत उभा राहिला, आणि डॉक्टर वहीत सगळ्यांच्या नोंदी करत बसला. अशी ती चौघांची पहिली एकत्र मोहीम, आणि कुणी ठरवलेली नव्हती.

खाच जवळजवळ सगळ्यांच्या दातात होती.

“इथे तुम्ही काय चावता?” कवळी प्रत्येकाला विचारत गेली. पहिल्यांदा कुणालाच सांगता येईना. जे काम आपण रोज करतो ते करताना आपण स्वतःकडे थोडंच बघतो? शेवटी मास्तरनेच कपाटातून एक बंद सिरिंज घेतली, एका हातात आपली पिशवी धरली, आणि सवयीने सुईचं टोपण दातात पकडून खेचलं. कट्. मग स्पिरिटच्या बोळ्याचं चकचकीत पाकीट उचललं, तेही दातांत धरून टरकावलं. आतला बोळा दातांना, जिभेला घासून बाहेर आला.

“हे पाकीट तर भलतंच चिवट आहे,” तो म्हणाला. “पूर्वीची कागदी पाकिटं नखाने फाटायची. ही नवी आली हिवाळ्यात. बोटं गारठलेली, हात थरथरत असतात. दाताशिवाय उघडतच नाहीत.”

कवळीने नुसतं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरचा चेहरा पांढरा पडला होता. “म्हणजे,” ती म्हणाली, “माझं ऐकून जे मन लावून पुसतात…”

“ते मन लावून थुंकी लावतात,” गोळीने वाक्य पुरं केलं, आणि जीभ चावली.

सिस्टर तडक पडद्यामागे गेली. परत आली ती सांगतच, “खरं आहे. नेमाने पुसणाऱ्यांनाच जास्त गळवं आहेत. मला वाटायचं, ते खोटं बोलतायत.” गोळीने कोठीच्या खोलीतून जुन्या पाकिटांचं रिकामं खोकं हुडकून काढलं. त्यावरच्या तारखेवरून मास्तरचं म्हणणं बरोबर ठरलं, हिवाळ्याच्या तोंडावरच पाकिटं बदलली होती. आणि डॉक्टरने तर कहरच केला. त्याने गळवांतल्या पुवाचे प्रयोगशाळेचे निकाल आधीच वाचलेले होते. त्यांत तोंडात राहणारे जंतू पुन्हा पुन्हा सापडले होते. “मी ते सोडून दिले,” तो म्हणाला. “म्हटलं, तपासणाऱ्याच्या तोंडातून उडाले असतील. हातावरच्या गळवात तोंडाचे जंतू कशाला येतील?”

“दाताचं काम आहे ते. तुला कसं कळणार,” कवळी म्हणाली. एवढं बोलायचा तिचा हक्क होता, आणि तिघांनीही तो निमूट मान्य केला.

बाईंना सगळं पटलं. पण त्यांनी सुस्कारा सोडला. “पाकिटं वरच्या ऑफिसातून येतात. तिथल्या मोठ्या साहेबांनी स्वतः निवडलीत. मजबूत, बोळा वाळत नाही, म्हणून फार अभिमान आहे त्यांना. परवा पाहणीला येतायत. मी सांगितलं तर म्हणतील, पाकीट कुणी दातांनी फोडतं का? अडाणीपणा आहे, शिकवा लोकांना.”

“बाई,” कवळीने अगदी भोळ्या आवाजात विचारलं, “पाहुण्यांना आम्ही एक छोटंसं प्रात्यक्षिक दाखवलं तर चालेल?”

“कशाचं?”

“पाकीट उघडण्याचं.”

बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग टेबलावरची कात्री उचलली, खणात टाकली, आणि खणाला कुलूप लावलं. जुडग्यातली ती किल्ली तेवढी त्यांनी काढून खिशात ठेवली.

मोठे साहेब आले तेव्हा बाहेर बर्फासारखं वारं सुटलं होतं. दाराशी मास्तर स्वागताला उभा. अंगात गोळीचा कोट, केसांना पाणी लावून चप्प बसवलेले. “या, या. आधी हात धुवावे लागतात. इथला नियम आहे.” बेसिनला गरम पाणी नव्हतं, टॉवेल सकाळपासून कुठे गेला होता ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि गोळीच्या पोटापाशी काहीतरी जरा जास्तच फुगलेलं दिसत होतं. साहेब आणि त्यांचे दोन सहकारी ओले, गारठलेले हात झटकत आत आले.

डॉक्टरने माहिती दिली, सिस्टरने जखमांबद्दल सांगितलं. दोघंही छान बोलले. साहेबांनी मान हलवली. “सगळं ठीक आहे. पण दातांनी? शिकल्यासवरल्या मुलांनी असं काही म्हणावं? हात कशासाठी दिलेत माणसाला?”

“अगदी बरोबर, सर,” कवळी पुढे झाली. “म्हणून आम्हाला योग्य पद्धत तुमच्याकडूनच शिकायची आहे. हे पाकीट. आणि ही पिशवी जरा डाव्या हातात धरा. या लोकांकडे सामान ठेवायला जागा नसते ना, खाली ठेवलं तर चोरीला जातं. हं, आता उघडा.”

साहेबांनी पिशवी धरली. अंगठा आणि बोटाने पाकिटाची कड ओढली. कड निसटली. पुन्हा ओढली. पुन्हा निसटली. खोलीत सगळे श्वास रोखून बघत होते. मास्तरने हळूच म्हटलं, “घाई नाही, साहेब. आम्हाला मात्र असते. मागून पोलीस येत असतो.”

साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पिशवी छातीशी दाबली, पाकीट वर नेलं, आणि दातांत धरून फर्रकन फाडलं.

पाकिटाचा तुकडा अजून साहेबांच्या ओठांत होता. मग मागच्या खुर्चीवरून कुणीतरी फिसकन हसलं, आणि सगळं केंद्र फुटलं. हात आडवे न धरता, तोंडं उघडून, उरलेले सगळे दात दाखवत माणसं हसत होती. साहेबांच्या सहकाऱ्याने खोकल्याचं नाटक केलं, ते त्याला जमलं नाही. बाई पाठमोऱ्या होऊन चहाच्या यंत्राशी खटपट करत होत्या, आणि त्यांच्या किल्ल्या मात्र खुळखुळ वाजत होत्या.

साहेब लाल झाले. त्यांनी तुकडा तोंडातून काढला, त्याच्याकडे पाहिलं, ओल्या बोळ्याकडे पाहिलं. आता हा माणूस काय करतो, याची कवळीला पहिल्यांदाच धास्ती वाटली. ती पुढे येऊन म्हणाली, “सर, चूक माझी. टॉवेलही आम्हीच लपवलाय.”

गोळीने स्वेटरखालून टॉवेल काढून दिला. साहेबांनी सावकाश हात पुसले. “माझी बायको,” ते शेवटी म्हणाले, “मला तीस वर्षं सांगतेय की दातांनी पाकिटं फोडू नका.” आणि मग तेही हसले, जरा कसनुसं, पण हसले. “जुनी पाकिटं परत मागवतो. आणि त्या टोपणांचं काय करायचं?”

त्याचा उपाय सिस्टरने शोधून ठेवला होता. रबरी हातमोज्यांची बोटं कापून तिने छोट्या टोप्या केल्या होत्या. बोटावर चढवली की गारठलेल्या हातालाही टोपणाची पकड येते. दातांना सुट्टी. मास्तरने सगळ्यांना त्या वाटल्या आणि वर स्वतःच्या अधिकारात जाहीर केलं, “यापुढे जो दातांनी टोपण काढेल, त्याला माझ्याकडून व्याकरणाचा तास.”

गळवं सगळीच थांबली असं नाही. माल खराब होता तो होताच, शिरा जळायच्या त्या जळतच होत्या, आणि डॉक्टर व गोळीचं आपापलं म्हणणंही थोडंथोडं खरं निघालं. पण पडद्यामागच्या खोलीतली गर्दी मात्र ओसरत गेली. सिस्टरला कधीकधी बसायला वेळ मिळायला लागला. लाल मफलरवाली इस्पितळातच होती; पण उशीला टेकून बसून ती आता शेजारच्या खाटांवरच्यांची चौकशी करू लागली होती.

राहिली मास्तरची दाढ. तिथल्या दातांच्या इस्पितळात अशा माणसांना पटकन वेळ देत नसत. बाईंनी रोज सकाळी फोन करून त्यांचं डोकं उठवलं, तेव्हा कुठे दिवस ठरला. कवळी मास्तरला घेऊन गेली. तो खुर्चीत बसला, डॉक्टरीणबाईंनी हिरडी बधिर करायची सुई उचलली, आणि मास्तर खुर्चीच्या दांड्या धरून ताठ झाला.

“हे काय?”

“इंजेक्शन. दुखू नये म्हणून.”

“नको. मला सुईची भीती वाटते.”

डॉक्टरीणबाईंनी आधी त्याच्या हातांवरच्या खुणांकडे पाहिलं, मग कवळीकडे. कवळीने ओठ घट्ट मिटून घेतले होते. या माणसासमोर आत्ता हसायचं नाही, एवढं तिला कळत होतं. मास्तर चिडून म्हणाला, “ती माझी मी घेतो, ते वेगळं! दुसऱ्याने टोचायची म्हणजे काय चेष्टा आहे?” त्याचे डोळे खरोखर घाबरलेले होते. मुलाखतींत रडून दाखवताना होते तसे नव्हते.

“माझा हात धरा,” कवळी म्हणाली. “आणि वर दिव्याकडे बघा. मी सांगेन तेव्हाच त्या टोचतील. तुमच्या परवानगीशिवाय नाही.”

त्याने हात धरला, तो इतका घट्ट की तिची अंगठी बोटात रुतली. मग त्याने मान डोलावली. कवळीने डॉक्टरीणबाईंना खूण केली.

दाढ निघाल्यावर दोघं बाहेरच्या बाकावर बसली. मास्तरच्या गालात कापूस, अर्धा ओठ बधिर. कवळी सांगत होती, कापूस किती वेळ धरायचा, चूळ कधी भरायची, काय खायचं नाही. मग तिने धीर करून विचारलं, “आमचं विमान उद्या आहे. तुम्ही रक्ताची तपासणी करून घ्याल ना? काविळीवर आता चांगल्या गोळ्या आहेत. बरी होते.”

मास्तरने काहीतरी उत्तर दिलं. कापसामुळे ते ‘हो’ होतं की ‘बघू’ होतं, ते कळलं नाही. तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्याने. बधिर ओठातून लाळेची तार लोंबायला लागली. तिने रुमाल दिला. त्याने तोंड पुसलं, तिच्याकडे पाहून डोळा मारला, आणि केंद्राच्या दिशेने चालायला लागला. कोपऱ्यावर वळायच्या आधी त्याने रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी थांबून वाचली, बोटाने हवेत त्यातलं एक अक्षर दुरुस्त केलं, आणि दिसेनासा झाला.

कवळीला पुढे त्याच्याविषयी काही कळलं नाही. ती परत आली, पास झाली, आणि सरकारी दवाखान्यात लागली. तिथे ती नशेकऱ्यांचे दात तपासते, आणि दात बघता बघता बाही वर करायला सांगते. दवाखान्यातल्या सहकाऱ्यांची कुरकुर असते की हिच्यामुळे रांग वाढते. आत्या अजूनही पाहुण्यांना सांगते, “परदेशात जाऊन नशेचं शिकून आलीय,” आणि मग अभिमानाने तिला आत हाक मारते, “ये गं, जरा यांचे दात बघ.”